मशीन चालू राहू द्या

स्टुलावरच्या पेल्यात पाणी हलत होतं. काठापासून बारीक वर्तुळं मध्याकडे सरकत आणि तिथेच विरून जात. भागीरथाने पेला उचलून जमिनीवर ठेवला. वर्तुळं बारीक झाली, पण थांबली नाहीत. म्हणजे जनरेटरचा हादरा जमिनीतूनही जात होता. शेजारच्या राहुटीपर्यंत तर नक्कीच.

भागीरथा अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बासष्ट साली, पावसाळा सरताना, ती नमुने गोळा करायला मेळघाटात सेमाडोहला आली होती. हवा इतकी दमट, की कागदात दाबलेली पानं वाळण्याआधीच काळी पडत. म्हणून कॉलेजचा लहान जनरेटर सोबत आणला होता. त्यावर पेटणाऱ्या बल्बांच्या उबेत पानं वाळत.

"पाला वाळवाले मशीन!" जनरेटर चालवणारा देवमन म्हणायचा. "बाई, आमच्या चांदूर बाजारात ऊन फुकट भेटते."

"पण ही झाडं भेटत नाहीत. मशीन त्या बांधामागे ने, देवमन. शेजारी माणसं आहेत."

बांधामागे नेऊनही आवाज फारसा कमी झाला नाही. संध्याकाळी ती माफी मागायला शेजारी गेली.

तिथे मूर्तिजापूरचे खुशालराव आणि त्यांची बायको पार्वताबाई उतरले होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. जंगलखात्याच्या बंगल्यात जागा नव्हती, म्हणून त्यांनी आवारातच भाड्याची राहुटी ठोकली होती. पार्वताबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"मशीनचा त्रास होत असेल," भागीरथा म्हणाली. "दिवेलागणीला बंद करत जाईन."

"नाई, नाई, बाई!" खुशालराव उठून उभे राहिले. "चालू राहू द्या. पायजे तर पेट्रोल मी आणून देतो."

पार्वताबाईंनी भाकरी उलटली.

खुशालराव तिला सोडायला बांधापर्यंत आले आणि हलक्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी गेल्या साली तापाने गेली. तेव्हापासून दिवस मावळला, की पार्वताबाईंना तिची ‘आई’ अशी हाक ऐकू येते. घरी विहिरीकडून यायची, इथे नदीकडून येते. आधी लांबून, मग जवळून. शेवटी थेट कानामागून.

"मशीन सुरू असलं का येत नाई," ते म्हणाले. "काल वर्सातून पयल्यांदा झोप लागली. इथंबी फरक नाई पडला तर नागपूरले वेड्याच्या दवाखान्यात ठेवा, असं डॉक्टर म्हणते. तिथं गेलेलं माणूस वापस येते काय, बाई?"

भागीरथाने राहुटीकडे वळून पाहिलं.

"तुमी भूत मानता काय?" त्यांनी एकदम विचारलं.

"आमच्या घरी ते छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच बंद झालं. एखादा पक्षी असेल. काही पक्षी अगदी माणसासारखे ओरडतात."

नमुने वाळत आले. बल्बांची गरज संपली, तरी शेजाऱ्यांसाठी मशीन संध्याकाळी धडधडत राहिलं. खुशालराव रोज त्याच्याजवळ दगडावर येऊन बसत.

"असे बसते जशी शेकोटीच हाय," देवमन म्हणाला. "माये तर कान बसले या आवाजानं, अन् हे मजा घेऊन राहिले."

एकदा पार्वताबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. भागीरथाने सरळ विचारलं, "काल हाक आली का?"

"हे काय म्हणते?"

"नाही आली म्हणतात."

"मंग नसंन आली," पार्वताबाई म्हणाल्या. "ठेचा जपून खाजा, तिखट हाय."

निघायचा दिवस आला. उद्या मशीन अमरावतीला परत जाणार, हे ऐकून खुशालरावांचा चेहरा उतरला.

"मंग हिले नागपूरले न्याच लागते," ते म्हणाले.

"तसं करू नका," भागीरथा म्हणाली. "आज दिवस मावळताना मशीन बंद करू. सगळे मिळून बसू. हाक आली, की कोणता पक्षी आहे ते मी पार्वताबाईंना सांगते. एकदा कळलं, की भीती जाईल."

"नोका करू, बाई. हात जोडतो."

"करा बंद," पार्वताबाई म्हणाल्या.

उन्हं डोंगराआड गेली तेव्हा देवमनने मशीन बंद केलं. इतक्या दिवसांच्या धडधडीनंतर शांतता कानांवर दाबल्यासारखी वाटली. मग पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. त्यापलीकडे सिपना नदी.

"बाबा."

आवाज नदीकडून आला होता. घरात अंधार पाहून मूल दारातून विचारतं तसा. भागीरथाने आठवतील तितके पक्षी मनात आठवून पाहिले. एकही जुळेना. आणि खुशालराव म्हणाले होते, मुलगी आईला हाक मारते.

"बाबा." आता बांधाजवळून.

मग तिच्या कानामागे उबदार श्वास लागला. ती झटकन वळली. त्याच क्षणी, त्याच बाजूला, खुशालरावही वळले होते. मागे कुणी नव्हतं. पलीकडे देवमन पत्र्याचे डबे आवरत काहीतरी गुणगुणत होता.

तिला पार्वताबाईंची काळजी वाटली. तिने त्यांचा हात धरला. तो कोरडा होता, स्थिर होता.

"घाबरू नका," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला वेड लागलेलं नाही. मीही ऐकलं."

पार्वताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. ते मान खाली घालून बसले होते.

"मले कदीच काई ऐकू आलं नाई, बाई," त्या म्हणाल्या. "येते ते ह्यायले. मलेच येते, असं मी लोकायले सांगितलं. नाईतर तवाच ह्यायले धरून नेलं असतं. वर्सभर टाळलं. आता नाई टाळत. उद्या ह्यायले नागपूरले दाखवाले नेते."

त्यांनी भागीरथाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुमी बी चाला आमच्या संगं."