एकच नंबर

निमगाव केतकीच्या शाळेतले चाळीस कॉम्प्युटर एकटीनं बघणाऱ्या शबीना मॅडम दोन वर्षं मदतनीस मागत होत्या. संस्थेच्या बारामती ऑफिसातले भापकर साहेब दर वेळी म्हणायचे, "अपडेटच्या सर्व्हरवर तुमच्याकडं एकच कॉम्प्युटर दिसतोय. एकाला दोन माणसं कशाला?"

सगळे कॉम्प्युटर एकाच्याच सॉफ्टवेअरची कॉपी टाकून बसवलेले, म्हणून सर्व्हरला सगळ्यांचा ओळख नंबरही एकच दिसायचा. शेवटी मॅडमनी आठवडाभर शाळा सुटल्यावर थांबून एकेकाला वेगळा नंबर दिला. पाठ धरली, पण सर्व्हरवर चाळीसच्या चाळीस दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, एवढे चाळीस कॉम्प्युटर दोन वर्षं तुमी एकटीनंच सांभाळले व्हय? मग मदतनीस कशाला पायजे?"