तिसरी हाक

पहिली हाक आली तेव्हा ठकूबाई डोंगराच्या अंगावर, कमरेइतक्या वाळल्या गवतात बसून भारा आवळत होती.

"हाय का कोनीऽऽ"

तिचा हात जागच्या जागी थांबला. हाक खालून, ओढ्याकडून आली होती. आणि आवाज होता गोरखचा, तिच्या पोटच्या पोराचा.

आता गोरख इथं कुठून येणार? तो तर सकाळच्या एस्टीनं नगरला गेलेला. वनखात्यात हंगामी कामावर होता तो, वणव्याच्या राखणीला. दरवर्षी थंडीत डोंगरावर जाळरेषा काढायची, म्हणजे गवताचा एक पट्टा आपणच राखून-सांभाळून जाळायचा. मग उन्हाळ्यात वणवा आलाच तर तिथवर येऊन उपाशी मरतो. यंदा शिमगा उलटला तरी पट्टा तसाच उभा. का, तर म्हणे सरकारचा निधी आला नाही. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

सकाळी भाकरी मोडता मोडता गोरख म्हणाला होता, "आये, निधी येतोय, पन निम्माच. मानसं निम्मी, पान्याचे ड्रम निम्मे. समदं निम्म्यात बसवा म्हनत्यात. त्यासाठीच नगरला बोलावलंय साहेबानं."

"मंग जाळायचं कवा?"

"परवा."

"नीट जाळा बाबा. आग डोंगर उतरती पायी, पन चढती पळत. तुझा बाप आदी चारी दिशांना तोंड करून हाळी द्यायचा, मंगच काडी लावायचा."

"व्हय व्हय," म्हणत गोरखनं चहा ओढला.

सून पूजा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आत्या, तुमी मातर आज डोंगराला जाऊ नका. दिवेलागनीला भीमाकाका हाका मारत्यात तिथं."

गोरख हसला. "मारू दे की. आये ओ दिल तवा ना! तिसऱ्या हाकेबिगर ती जेवायला बी उठत न्हाई."

ठकूबाईनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि दुपार कलल्यावर विळा घेऊन निघाली. परवा पट्टा जळणारच होता. फुकट राख होण्यापरीस चार पेंढ्या म्हशीच्या तोंडी गेलेल्या काय वाईट? पण गवत कापायला बसलं की हात आवरत नाही. बघता बघता सूर्य कड्यामागं गेला, आणि ती हाक आली.

तिच्या पाचावर धारण बसली.

भीमा तिचा चुलतदीर. गेल्या उन्हाळ्यात ह्याच अंगाला वणवा लागला, तेव्हा तो खाली ओढ्यात सुखरूप उभा होता. एकाएकी म्हणाला, वरनं कुनीतरी हाक मारतंय. "ओ, आलो," असं ओरडून धुरात शिरला तो शिरलाच. वर कुणीच नव्हतं. सगळं गाव एकच बोललं, पहिल्याच हाकेला ओ दिली, तिथंच चुकलं.

ठकूबाईला तिच्या सासूनं हे लग्नाच्या वर्षीच बजावून ठेवलं होतं. तिन्हीसांजेला रानात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. ते घरच्याच माणसाचा आवाज काढतं. पण त्याला हाक मारता येते दोनदाच. जिवंत माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतो.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि गवतात अजून खाली झाली.

"हाय का कोनीऽऽ वरऽऽ"

दुसरी. ह्या वेळी पश्चिमेकडून, पहिलीपेक्षा जवळ. हुबेहूब गोरख. शेवटी आवाज चिरकायची खोडसुद्धा तीच. आईचं काळीज ते, ओ गळ्यापर्यंत आली. तिनं बोळा दातांत घट्ट धरला. भीमालाही असाच कुणाचा तरी ओळखीचा आवाज आला असेल.

माझा गोरख असशील तर मार अजून एक, ती मनात म्हणाली. एकच मार, लेकरा, मी लगेच ओ देते.

ती कान देऊन बसली. वारा पडला होता. एक टिटवी ओरडत ओढ्यावरून गेली. कुठंतरी दगड घरंगळला आणि थांबला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तिला तर गवताची काडी हलली तरी कुणी आल्यासारखं वाटत होतं.

तिसरी हाक आली नाही.

म्हणजे ते तेच होतं. ठकूबाईनं बोळा काढला, डोळे मिटून खंडोबाला हात जोडले. सासूची आठवण काढली. "भाऊजी, सुखी ऱ्हावा, मला न्हेऊ नगा," असं भीमालाही पुटपुटली. तिला रडूही आलं आणि थोडं हसूही. घरी गेल्यावर गोरखला सांगायचं होतं, हसत होतास ना रं, त्याच हाकेनं आज तुझी आई वाचवली.

मग तिनं भाऱ्याची गाठ मारली. तेवढ्यात खाली काहीतरी तडतडलं. मग दुसऱ्या बाजूलाही तडतडलं. ती उठून उभी राहिली. ओढ्याच्या काठानं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, गवत लाल झालं होतं.

पडलेला वारा उठला, खालून वर. त्याच्याबरोबर तोच आवाज वर आला. आता हाळी नव्हती, शेजारच्याशी गप्पा चालल्या होत्या.

"आजच उरका म्हन्ले साहेब. आन हाळ्या चार कशाला? निधी निम्मा, तर हाळ्या बी निम्म्या."