पावण्यांचा चहा

व्यंकटराव सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून, टोपी झटकून ओसरीवर येऊन बसले, तेव्हा बायनाबाईंना हसू आवरेना.

"आवं, फोनवर तर बघायचंय. एवढं नटून कुठं निघालाव?"

"घर बघायला," व्यंकटराव म्हणाले. "पोरगी धाडायची म्हणल्यावर घर बघायला नगं?"

पोरीचं लग्न नव्हतं बरं का. अर्पिता जनावरांची डॉक्टर. न्यूझीलंडला कायमचं जायचं ठरलेलं, तिथली परीक्षाही पास झालेली, आणि हातात दोन नोकऱ्या. एक मोठ्या शहरात, ऑकलंडला. तिथं मराठी माणसं, गणपती, शिवाय आपल्या जिंतूरकडचं एक कुटुंब अगदी जवळ. दुसरी लांब दक्षिणेला, एका खेड्यात. तिथं गायी, आणि मग पुन्हा गायीच. बापाचा कौल शहराला, लेकीचा खेड्याला.

"आबा, शहरात मला मांजरांची नखं कापत बसावं लागंल."

"काप की. मांजर लाथ तर मारत न्हाई!"

झालं. तेव्हापासून दोघांत धड बोलणं नव्हतं. शेवटी बायनाबाईंनी मधला मार्ग काढला: आबांनी एकदा खेडं बघावं, मग काय ते सांगावं. आज उत्तर कळवायचं होतं, आणि आबा नको म्हणाले तर अर्पिता शहरात जाणार होती. बापाचं मन मोडून एवढ्या लांब जायची तिच्यात ताकद नव्हती.

बायनाबाईंनी चहा आणून ठेवला. व्यंकटरावांनी कपबशी हातभर लांब सारली. घर मनात भरल्याशिवाय सोयऱ्याकडचा घोटभर चहाही घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. पुतणीच्या वेळेला पाथरीच्या एका घरातून ते तसेच कोरड्या तोंडानं उठून आले होते.

"चहा तर आपल्याच घरचा हाय की ओ," बायनाबाई म्हणाल्या.

"बैठक त्यांची हाय."

अर्पितानं कपाळाला हात लावला आणि फोन जोडला.

पडद्यावर हेलन आली. पिकलेले केस, गुडघ्यापर्यंत गमबूट. खेड्यातला जनावरांचा दवाखाना हिचाच. तिकडं दुपार होती आणि ती एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर कामाला आली होती. तिनं हात हलवला. व्यंकटरावांनी रामराम घातला आणि लेकीला म्हणाले, "तिला म्हण, उकिरडा दाखव."

"आबा!"

"दिवाणखाना कुणीबी सजवतंय. घराची ऐपत उकिरड्यावरनं कळती. इच्यार तू."

अर्पितानं चाचरत विचारलं. हेलन खळखळून हसली आणि फोन घेऊन गोठ्यामागं गेली. उकिरडा कुठला, शेणाचं तळंच होतं तिथं! गावतळ्याच्या तोंडात मारेल असं.

"अगं अगं अगं!" व्यंकटरावांची टोपी मागं सरकली. "लय मोठं घर हाय की!"

पण हात काही चहाकडं गेला नाही.

"आता इच्यार, सणावाराला आमच्या लेकीनं कुणाकडं जावं?"

"ती म्हणतीय, माझ्याकडं ये. पण माझा स्वयंपाक लय वाईट हाय, आधीच सांगते."

बायनाबाई हसल्या. व्यंकटराव नाही हसले. "माणसं बरी हायेत," ते म्हणाले. "पर अर्पे, आपलं म्हणावं असं एक माणूस न्हाई गं तिथं." अर्पितानं मान खाली घातली. संपलंच सगळं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात हेलनच्या मागून एक काळी-पांढरी गाय गेली.

अर्पिता एकदम फोनवर वाकली. "थांबा, ती गाय पुन्हा दाखवा," असं काहीतरी ती इंग्रजीत म्हणाली. गाय मागचा पाय टेकायला भीत होती. हेलननं फोन खुराजवळ नेला, आणि मग दोघींचं जे सुरू झालं म्हणता! अर्पिता बोटानं हवेत चिरा मारून दाखवी, हेलन मान हलवून नको म्हणे. एकदा तर जोरात जुंपली दोघींची. मग कशावरून कोण जाणे, दोघी पोट धरून हसल्या. आबा शेजारी बसलेत याची पोरीला शुद्ध नव्हती.

व्यंकटरावांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. गाईकडं तर ते बघतही नव्हते. ते लेकीकडं बघत होते.

"काय बोलायल्यात ओ?" बायनाबाईंनी हळूच विचारलं.

"काई का बोलंनात," ते म्हणाले. "पोरगी रमली."

आणि त्यांचे डोळे भरून आले. वाईट वाटायचं तेवढं वाटलंच, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही झालं.

अर्पिता भानावर आली. "आबा, तुमचं राहूनच गेलं. आणखी काय इच्यारायचं होतं?"

व्यंकटरावांनी कपबशी ओढून घेतली. चहा थंडगार झाला होता, वर साय धरली होती.

"आणा, गरम करून देते," बायनाबाई म्हणाल्या.

"राहू दे."

त्यांनी तो गार चहा सवयीनं बशीत ओतला, त्यावर फुंकर घातली आणि बशी तोंडाला लावली. अर्पिता बघतच राहिली. मग तिनं फोन हळूच आबांकडं वळवला.

हेलनला यातलं काही ठाऊक नव्हतं. टोपी घातलेला एक म्हातारा बशीतून चहा पितोय, एवढंच तिला दिसलं. तिनंही खांद्यावरच्या पिशवीतून थर्मास काढला, झाकणात कॉफी ओतली आणि त्यांच्याकडं बघून झाकण वर धरलं.