टाका घातलेली फीत

“फीत काढा, मगच आत,” अधिकारी म्हणाला आणि गेटच्या मधोमध उभा राहिला.

मरोळच्या त्या पंपांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला एकेचाळीस माणसं. प्रत्येकाच्या बाहीवर काळी फीत, टाचणीनं लावलेली. फोरमनला उलट बोलला म्हणून महादूला कामावरून बंद केलं होतं. आज दुपारी त्याचा निकाल होता. फिती उतरल्या की महादूची नोकरी गेली, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक होतं.

युनियनचा सेक्रेटरी जयवंत सर्वांत पुढे होता. मागे कुणीतरी पुटपुटलं, “वाट लागली.” दोघांनी टाचण्या काढल्या, फिती अजून बाहीवर धरलेल्या. मागे न बघताही जयवंतला ते कळलं. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा दीड वर्ष घरी बसलेला माणूस तो. त्याचा स्वतःचा हातही टाचणीपर्यंत गेला होता.

तेवढ्यात इनास आला. मढचा इनास, आधी होडी, मग दोन बस. दहा दिवस तो कामावर नव्हता. दाढी वाढली होती. लेथवरचा हा एकच माणूस कशातच नसायचा. युनियनचा बिल्ला नाही. कारखान्यातल्या गणपतीला वर्गणी द्यायचा, पण कार्यकर्त्याचा बिल्ला परत करायचा. जयवंत त्याला चिडवायचा, “बिल्ल्याशिवाय माणूस म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट रे!” इनास हसायचा. “आमच्या गावात पत्ता नसला तरी पोचतं.”

आज त्याच्या बाहीवर काळी फीत होती. टाचणी नव्हती. चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवली होती. जयवंत बघतच राहिला. याला फीत दिली कुणी? फिती तर काल संध्याकाळी वाटल्या.

इनास थांबला. त्यानं एकेकाची बाही बघितली. सगळ्यांच्या बाह्या बघून झाल्यावर पुढे आला.

“तू पण?” अधिकारी म्हणाला. “तू तर युनियनमध्ये नाहीस. काढ ती.”

“नाय काढनार.”

“मेमो देईन.”

“द्या. ह्या सगळ्यांनी लावलीय साहेब. मी कशी काढू?”

आणि तो सरळ आत चालू लागला. वॉचमन नकळत बाजूला सरला, अधिकाऱ्यालाही सरावं लागलं. जयवंतचा हात टाचणीवरून खाली आला. मागच्या दोघांनी टाचण्या परत लावल्या. एकेचाळीस माणसं इनासच्या मागोमाग आत गेली.

तीन वाजता नोटीस लागली. महादू उद्यापासून कामावर. एकच गलका झाला, भराभर फिती उतरल्या. जयवंत लाल बिल्ला घेऊन इनासच्या लेथपाशी गेला.

“आज तुझ्यामुळे झालं रे. हा घे. आणि काढ आता ती फीत. जिंकलो आपण.”

इनासनं लेथ बंद केलं.

“आमच्यात वरीस होईस्तोवर नाय काढत,” तो म्हणाला. “आई गेली ना माझी.”

जयवंतची स्वतःची फीत त्याच्या मुठीत चुरगळलेली होती.

“सकाळी गेटवर तुम्हाला सगळ्यांना बघितलं,” इनास म्हणाला. “मना वाटलं, निरोप पोचला.”