कारल्याचे आठ डबे

संपतनं डब्याचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"वसंता, आजबी कारलंच. तुझ्या मायला दुसरी भाजी येतच न्हाई का रे?"

वसंता भिंतीकडं तोंड करून पडला होता. "खाऊन टाक तू," एवढंच म्हणाला.

संपतनं खाल्लं. अंकुशनगरचा कारखाना अख्ख्या सीझनात जेवढा ऊस गाळायचा, तेवढ्या भाकरी हा गडी दिवाळीपर्यंत गाळायचा. यात एका भाकरीचीही अतिशयोक्ती नाही.

साल अठ्ठ्याण्णव. जालन्यातली दोघांची भाड्याची खोली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला वसंता महिनाभर कॉलेजात गेला नव्हता. पुस्तक उघडलं की एकाच ओळीवर तास जायचा. झोप येत नव्हती, भूक मेली होती. छातीवर कोणीतरी जात्याची तळी ठेवून निघून गेलंय, असं वाटायचं. अलीकडं तर आपण नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही, असंही मनात यायला लागलं होतं.

सकाळच्या एसटीनं कुंभार पिंपळगावहून डबा यायचा, संध्याकाळच्या एसटीनं रिकामा परत जायचा. स्टँडवरून आणायला-पोचवायला संपत. डबा रिकामा आला म्हणजे पोरगं ठीक आहे, एवढं घरच्यांना पुरायचं. म्हणून तो रोज रिकामाच जाईल, याची वसंता काळजी घ्यायचा. खरं कळलं असतं तर 'कांताबाईचं पोरगं येडं झालं' एवढं एकच वाक्य गावात उरलं असतं. त्याला आजारापेक्षा त्या वाक्याची भीती जास्त होती.

नवव्या दिवशी डबा आला नाही. कांताबाई आल्या.

त्यांनी दारात चपला काढल्या, खोलीवरून एक नजर फिरवली आणि वसंतासमोर बसल्या.

"कारलं कसं होतं रे?"

"चांगलं होतं, माय. सगळं खाल्लं."

"रोज?"

"रोज."

"तू दीड वर्षाचा होता तव्हापासून कारल्याच्या वासानं ताट ढकलून देतो," कांताबाई म्हणाल्या. "पोळ्याला आल्ता तव्हाच तुझं तोंड मला बराबर वाटलं न्हाई. मंग मुद्दाम आठ दिवस कारलंच पाठवत राह्यले. डबा रोज पुसून आला."

संपतनं मान खाली घातली. वसंता उठून बसला. काहीतरी थाप मारायला त्यानं तोंड उघडलं आणि थापेऐवजी रडूच बाहेर आलं. रडत रडत त्यानं सगळं सांगून टाकलं. आपण नसलो तरी चालेल असं वाटतं, तेसुद्धा. कांताबाईंनी त्याचा हात धरून ठेवला. मग त्या उठल्या.

"चपला घाल पायात. डॉक्टरकडं जायचं. मनाच्या."

वसंतानं हात सोडवून घेतला. "न्हाई माय. कोणाला कळलं तर?"

"सगळ्या गाडीला कळलंय. गावापासून इथपर्यंत एकेकाला विचारत आले. पोरगं जेवत न्हाई, हसत न्हाई, कोणत्या डॉक्टरला दाखवू?"

जे वाक्य त्यानं महिनाभर खोलीत कोंडून ठेवलं होतं, ते मायनं तिकीट काढून जालन्यापर्यंत आणलं होतं.

"मंग? हसले असतील लोकं."

"बावन्न माणसं होती गाडीत. कोणी हसलं न्हाई. कोणी बोललंबी न्हाई." कांताबाईंनी त्याच्या चपला उचलून त्याच्यापुढं ठेवल्या. "स्टँडवर उतरल्यावर मात्र नऊ जण, एकमेकांची नजर चुकवून, एकेक करून माझ्याजवळ आले. नऊच्या नऊ जणांनी एकाच डॉक्टरचा पत्ता सांगितला, तोबी तोंडपाठ."