तिन्ही एकदम

"थायरॉइडची गोळी कधीपासून बंद केलीस?" रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरबाईंनी विचारलं.

पाच महिन्यांची गरोदर मृण्मयी गोंधळली. "बंद? एक दिवसही चुकलेली नाही."

बाईंचा विश्वास बसलेला दिसेना. तेव्हा शेजारी बसलेले तिचे वडील दिगंबरराव ताडकन म्हणाले, "मी स्वतः देतो. तिची आई नाही, म्हणून बाळंतपणाचं सगळं मीच बघतोय. रोज सकाळी सहाला थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची, तिन्ही एकदम देतो. विसरायला नको."

"तिन्ही एकदम?" बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "काका, लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवतात. ती रक्तात नीट पोचलेलीच नाही. मध्ये चार तास तरी जायला हवेत. बाळाच्या मेंदूच्या वाढीला ती लागते."

दिगंबररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मी... बाळाला काही..."

"सोनोग्राफी चांगली आहे. बाकीचं आज सांगता येणार नाही. महिन्यानं पुन्हा रक्त तपासू."

बाहेर येताच त्यांनी गोळ्यांची पिशवी लेकीपुढे धरली. "तुझी तू घेत जा. माझ्या हातून नको."

मृण्मयीलाही रडू येत होतं. तिनं पिशवी घेतली नाही.

"सहाला मला जाग येत नाही, बाबा," ती म्हणाली. "थायरॉइडची तेव्हा द्या. लोहाची दुपारी द्या, कॅल्शियमची रात्री."