कललेला तारा

दार ढकलून बाबा आत आले आणि खोका टेबलावर असा आदळला, की आतलं विमान खडखडलं.

"कुणी केलं हे?"

मुलगी नुकतीच दवाखान्यातून आली होती. दातांची डॉक्टर. "काय झालं बाबा? मंडळात आवडलं नाही का कुणाला?"

"आवडलं ना! तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं. 'हात अजून तस्साच आहे हो तुमचा!' पाठ थोपटली माझी!"

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे. मग उजव्या हाताला कंप सुटला. आता घरी बसून ते जुन्या विमानांच्या चिमुकल्या प्रतिकृती जोडत आणि तोच छंद असलेल्यांच्या मंडळात दाखवायला नेत. हे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं अमेरिकी लढाऊ विमान होतं, दुहेरी पिवळ्या पंखांचं. पंखांवर निळं वर्तुळ, त्यात पांढरा तारा, ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका. ही चिन्हं कागदावर छापून येतात. पाण्यात भिजवून पंखावर अलगद सरकवायची. चार तारे बसवायला त्यांना तीन आठवडे लागले होते.

"वरच्या पंखावर डावीकडचा तारा कलला होता," बाबा म्हणाले. "ठाऊक होतं मला. तसाच नेणार होतो. तिथे खोका उघडतो, तर तारा सुतासारखा सरळ!"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्हाला लोक हसतील असं वाटलं."

"हसू देत! तोंडावर हसले असते, ऐकून घेतलं असतं. तू कोण मला झाकणारी?"

त्यांनी नखाने तो तारा खरवडायला घेतला.

"बाबा, रंग निघेल!"

निघालाच. खाली पांढरं प्लास्टिक दिसलं. बाबा थांबले नाहीत. कागदावर उरलेला शेवटचा तारा त्यांनी कापला आणि वाटीतल्या पाण्यात सोडला. चिमट्याने उचलताना हात लटलटायला लागला. तारा वाटीत पडला. उचलला. टेबलावर पडला.

तिचा हात पुढे आला.

"मागे घे."

तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसून राहिली. बाबांनी तारा पुन्हा उचलला.